गोंदियाच्या मानानं

टीना येणार हे दामिनीला टीनानं सांगितलं नाही, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरनं सांगितलं. सकाळी आठ वाजता ती रोजच्यासारखी खोल्यांची यादी घ्यायला गेली, तर उद्याच्या तारखेखाली तीनशे चार नंबरपुढं लिहिलं होतं: टीना बिसेन, सोबत आई, एक रात्र, स्टाफ कार्ड, दुबई.

दामिनीनं ते नाव एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“पहचानती हो?” मॅनेजर दुर्गेश साहेबांनी विचारलं.

“आमच्या गावची आहे,” दामिनी म्हणाली. आणि पुढं काही बोलली नाही, कारण बोलायला लागली असती तर दुपार झाली असती.

आता ही टीना कोण ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर दामिनीचं पुढचं सगळं वागणं वेडेपणाचं वाटेल. तसं ते होतंच वेडेपणाचं, पण त्याला कारण होतं.

दोघी सौंदडच्या. एका बाकावर बसून बारावी झालेल्या, एकाच पॅसेंजरनं गोंदियाला आलेल्या. आठ वर्षांपूर्वी बालाघाट रोडवर हे ग्रॅनविक हॉटेल उघडलं तेव्हा दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या. ग्रॅनविक म्हणजे मोठी परदेशी कंपनी, चाळीस-पन्नास देशांत हॉटेलं. गोंदियातलं हॉटेल मात्र एका राईस मिलवाल्या सेठचं. इमारत सेठची, माणसं सेठची. कंपनीनं दिलं काय, तर नाव, दारावरचं निळं पाखरू, छातीवर लावायचा बिल्ला आणि ढीगभर फॉर्म. त्या पाखराच्या एका पंखातले दिवे दुसऱ्याच वर्षी गेले, ते अजून कोणी लावलेले नाहीत.

उघडलं तेव्हा शिकवायला मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या. महिनाभर त्यांनी पोरींकडून पलंग घालून घेतले. चादर कशी झटकायची, कोपरे कसे दुमडायचे, मधली घडी उशीच्या बरोबर मध्ये कशी आणायची, सगळं घड्याळ लावून. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, तुमच्यातून एका मुलीला दुबईच्या हॉटेलात पाठवायचं आहे.

दामिनी सगळ्यांना सांगते की टीनाला इंग्रजी येत होतं म्हणून तिला नेलं. सासरी हेच सांगितलंय, माहेरी हेच. खरी गोष्ट अशी, की पहिलं नाव दामिनीचं निघालं होतं. मॅडमनी तिला बाजूला घेऊन विचारलंही. पण लग्न वीस दिवसांवर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, आणि नवरा मुलगा लीलाधर पटले सौंदडचाच. दामिनीनं अर्ध्या मिनिटात नाही म्हणून टाकलं. मग दुसरं नाव निघालं, ते टीनाचं.

लीलाधर माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ते अर्धं मिनिट दामिनीच्या घशात अडकलं ते अडकलंच. कोणी हिसकावून नेलं असतं तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. स्वतःच्या हातानं सोडलेल्याची जळजळ कोणासमोर काढायची?

आणि टीना तरी गप बसावी की नाही. रोज मोबाईलवर स्टेटस. आज काय, तर न्हाणीघरात छतातून पाऊस पडल्यासारखं पाणी. उद्या काय, तर टॉवेलचे हंस. परवा खिडकीतून समुद्र. आणि प्रत्येक फोटोत तोच बिल्ला, तेच निळं पाखरू, जे दामिनीच्याही छातीवर होतं. दामिनी पॅसेंजरमध्ये उभ्या उभ्या हे स्टेटस बघायची, बोटानं मोठं करून बघायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, मी कुठं बघते कोणाचं.

जळत होती ती. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. टीनाच्या टॉवेलवर जळत होती, उशांवर जळत होती, टीनाच्या खोल्यांतल्या साबणाच्या कागदावरसुद्धा जळत होती. एकाच कंपनीच्या दोन हॉटेलांत एवढा फरक कसा? इथं टॉवेल असा, की उजेडात धरला तर पलीकडचं दार दिसावं. गरम पाणी यायचं, पण आधी बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागायचं. कंपनीचा जाड साबण दोन वर्षांपूर्वी बंद झाला आणि रायपूरहून गुलाबी वड्या येऊ लागल्या. वर विचारलं की उत्तर ठरलेलं, तुमच्या भागाला एवढंच मंजूर आहे.

एक गोष्ट मात्र दामिनीनं इथं पातळ होऊ दिली नव्हती, ती म्हणजे चादर. कंपनीचं स्टार्च यायचं बंद झालं तेव्हा तिनं सेठच्या मिलमधून तांदळाची कनकी, म्हणजे तुटलेले दाणे, मागवली. तीही कोणत्याही तांदळाची नाही, वासाच्या चिन्नोरची. ती शिजवून पातळ पेज करायची, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायची, नाहीतर राहिलेल्या शितांना मुंग्या लागतात. इस्त्री चिकटू नये म्हणून चिमूटभर मीठ घालायचं. चादर त्यात बुडवून सावलीत वाळवायची आणि थोडी दमट असतानाच इस्त्री फिरवायची. तिची आई लुगड्यांना अशीच पेज द्यायची. लाँड्रीतल्या कुसुमबाई सोडल्या तर ही रीत हॉटेलात कोणाला ठाऊक नव्हती, आणि कुसुमबाईंनाही मिठाचं माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट पोस्टची. हाऊसकीपिंगचे मोठे साहेब नोकरी सोडून नागपूरला गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून त्यांचं सगळं काम दामिनी करत होती, पण नाव नव्हतं, खुर्ची नव्हती, बिल्ल्यावर अजून ‘सहायक’ असंच होतं. सेठनं दिवाळीत सांगितलं होतं, या तीन महिन्यांत पाहुणे फॉर्मवर देतात ते गुण शंभरात नव्वदला गेले तर पोस्ट दामिनीची, नाही गेले तर रायपूरहून माणूस आणू. गुण अठ्ठ्याऐंशीवर येऊन अडकले होते आणि मुदत संपायला आठवडा उरला होता. आणि कंपनीचा नियम असा, की स्टाफ कार्डावर राहिलेल्या माणसाचा एक फॉर्म दहा पाहुण्यांच्या बरोबरीचा. घरच्या माणसाला जास्त कळतं म्हणून.

म्हणजे दामिनीची पोस्ट आता टीनाच्या हातात होती. देवाला तरी काही वाटायला पाहिजे होतं.

त्या दिवशी दामिनीनं तीनशे चार खोली स्वतः आवरली. खिडकीची काच वर्तमानपत्रानं पुसली, नळ चिंचेनं घासले, कपाटाच्या वरची धूळसुद्धा काढली, जिथं आजवर कोणी पाहुणा चढलेला नाही. दोन्ही पलंगांच्या चादरींना ताजी पेज दिली. आणि मग तिची नजर टॉवेलवर गेली.

टॉवेल काही केल्या जाड होत नव्हता. टीनाच्या स्टेटसमधला टॉवेल तिला आठवला, गुबगुबीत, दुमडला की उभा राहणारा. हा आपला दुमडला की पडायचा. दामिनी चार टॉवेल घेऊन खाली लाँड्रीत गेली आणि पेजेच्या घमेल्यात घालू लागली.

“टॉवेलले पेज?” कुसुमबाईंनी हात थांबवला. “काऊन वं बाई?”

“जाड वाटते थोडा.”

“अंग पुसाचं हाय त्यानं का दारात टांगाचा हाय?”

“तुम्ही इस्त्री पाहा ना आपली,” दामिनी तोडून म्हणाली.

आठ वर्षं जिनं हजारो टॉवेल धुतले तिला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण डोळ्यापुढं टीना असली की दामिनीला दुसरं काही दिसायचं नाही. वाळल्यावर टॉवेल खरंच उभे राहिले. तिनं त्यांचे हंस केले. माना थोड्या वाकड्या झाल्या, पण हंस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीना आली. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळीच झालेलं, डॉक्टरांनी उद्या नऊला पट्टी काढायला बोलावलेलं, आणि एवढ्यासाठी सौंदडला जाऊन यायचं कशाला म्हणून ती इथं उतरली होती. दामिनी लॉबीत उभीच होती. टीना थोडी भरली होती, केस कापलेले, अंगाला महागाचा वास. मनात आलं, बरी दिसते मेली.

“दामे,” म्हणत टीनानं तिला मिठीच मारली. “किती वर्षांनी गं. तशीच आहेस तू.”

तशीच आहेस. दामिनीनं हे मनात जपून ठेवलं, सावकाश राग करायला.

टीनाच्या आईच्या, रुख्माबाईंच्या, एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी दामिनीला नीट पाहिलं. “लीलाधरची बायको नं तू? सुकली काऊन एवढी?”

“काम असते काकू.”

“इलेही काम असते,” त्यांनी टीनाकडं बोट केलं. “हे तं फुगून राहिली.”

दामिनीला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तिनं स्वतः त्यांची बॅग उचलली, खोली उघडून दिली आणि दाराशी उभी राहून टीनाचा चेहरा बघत राहिली. टीनानं खोलीभर नजर फिरवली. ती नजर दामिनीला ओळखीची होती, स्वतःचीच होती. आधी कोपरे, मग पडद्याची खालची कड, मग दिव्याचं बटण, मग न्हाणीघराची फरशी. हंसांपाशी ती नजर थोडी थांबली.

“वा,” टीना म्हणाली. “किती छान ठेवलंय गं.”

लहान पोरानं चित्र काढून दाखवलं की बायका म्हणतात तसं. दामिनी खाली आली आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी धड बोलली नाही.

सकाळी नाश्ता करून मायलेकी दवाखान्यात गेल्या. तासाभरानं दुर्गेश साहेबांनी दामिनीला बोलावलं. ते खुशीत होते, त्यांच्यासमोर टॅब होता.

“लो, तुम्हारा काम हो गया. मॅडमनं नाश्त्यावर बसूनच फॉर्म भरला. बारा वाजता निघताना फक्त सही करतील. देख.”

दामिनीनं पाहिलं. स्वच्छता दहा. पाणी दहा. साबण दहा. टॉवेल दहा. खालीपर्यंत दहाच दहा. एकूण शंभर. आणि शेरा लिहायच्या चौकटीत टीनानं लिहिलं होतं, “गोंदियाच्या मानानं खूपच छान.”

“अब तो नब्बे पार,” साहेब म्हणाले. “मिठाई खिलाओ.”

आनंद व्हायला पाहिजे होता. दीड वर्ष जिची वाट पाहिली ती खुर्ची चार हातांवर आली होती. पण दामिनीचं मन त्या एका ओळीवर जाऊन बसलं. गोंदियाच्या मानानं. आणि त्या टॉवेलच्या दहावर. ती हो साहेब, हो साहेब करत तिथून निघाली आणि चावी घेऊन तीनशे चारमध्ये गेली.

न्हाणीघराच्या दारामागं टीनाची ओढणी वाळत होती. दामिनीनं हात लावला, ओलीच होती. खाली चारही टॉवेल जसेच्या तसे. एकाची मान मोडली होती, एवढंच. त्यानं कोणीतरी पुसायचा प्रयत्न केला असावा. दामिनीनं तो टॉवेल उचलून स्वतःच्या गालावरून फिरवला. पापडासारखा लागला. पाणी टिपणं दूरच, कातडी सोलून निघाली असती.

टीनानं ओढणीनं अंग पुसलं होतं आणि टॉवेलला दहा दिले होते.

दामिनीला एवढी लाज वाटली की ती तिथंच फरशीवर उकिडवी बसली. मग लाज गेली आणि राग आला, आणि तो राग तिला जास्त सोयीचा वाटला. ती खोलीत येऊन खुर्चीवर बसून राहिली. दोन पलंगांपैकी एकच वापरलेला दिसत होता. आई झोपेत डोळा चोळेल म्हणून टीना तिच्याजवळच झोपली असणार. दुसरा पलंग दामिनीनं घातला तसाच होता, एक सुरकुती नव्हती.

साडेदहाला दार उघडलं. रुख्माबाईंच्या डोळ्याला आता काळा चष्मा होता.

“अगं, तू इथं?” टीना म्हणाली.

“फॉर्म पाहिला मी तुझा.”

“मग? खूश ना? दुर्गेश सर म्हणाले, नव्वदच्या वर जाणार.”

“टॉवेलले दहा दिले तू.”

टीना पर्स ठेवता ठेवता थांबली. “दिले. मग?”

“कायले दिले?”

“चांगले होते म्हणून.”

“चांगले कायचे वं?” रुख्माबाई पलंगावर बसत म्हणाल्या. “सूप हाय सूप. म्या हात पुसले अन् पदराले पुन्हा पुसले. इनं तं आंघोळ करून ओढणीनं अंग पुसलं.”

“आई, तू गप बस.”

“गप कायले बसू? एक डोळा झाकला होता माहा, दुसरा उघडा होता.”

मग टीना दुसऱ्या खुर्चीवर बसली आणि नोकरीतल्या आवाजात समजावू लागली. “हे बघ दामे. कंपनीत गाव पाहून फॉर्म असतात. तुमचं हॉटेल तिसऱ्या श्रेणीत आहे. तुमच्या फॉर्मात विचारतात, टॉवेल आहे का? आहे. पाणी येतं का? येतं. मग दहा. त्यात मी खोटं काय लिहिलं?”

“अन् तुमच्या फॉर्मात काय विचारतात?”

“आमच्यात विचारतात, टॉवेल किती जाड, किती मोठा, पाणी टिपतो का, गरम करून ठेवला का. किती सेकंदांत गरम पाणी येतं. साबण कोणता.”

“एकच पाखरू हाय नं आपल्या दोघींच्या छातीवर?”

“मी नाही बनवले फॉर्म.”

“तुमचावाला फॉर्म हाय तुझ्याजवळ?”

“मोबाईलमध्ये आहे. रोज भरते मी, माझ्या मजल्याच्या बावीस खोल्यांचा.”

“काढ.”

टीनाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली. “वेडी झालीस का? तुझी पोस्ट आहे त्याच्यावर.”

“तुले कोणी सांगितलं पोस्टचं?”

“दुर्गेश सरांनी. काल. म्हणाले, मॅडम, जरा आमच्या दामिनीकडं पाहून भरा.”

हे दामिनीला ठाऊक नव्हतं. म्हणजे हिनं शंभर दिले ते खोलीला नाही, तिच्या कामालाही नाही. कोणीतरी पदर पसरला आणि हिनं टाकले.

“आईक टीना,” ती म्हणाली, आणि आवाज चढू नये म्हणून तिनं खुर्चीचा हात धरून ठेवला. “आठ वर्सं जळून राहिली मी तुझ्यावर. रोज. तुझं एकही स्टेटस सोडलं नाई मी. तुले चांगलं झालं की मले जेवण जात नाई. ते मले चालते, सवय झाली मले. पण तू येऊन मले दहा देऊन जाशील, ते नाई चालत.”

रुख्माबाईंनी काळा चष्मा काढून दोघींकडं पाहिलं आणि डॉक्टरांचं आठवून परत घातला.

टीना खिडकीशी गेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, ट्रक आणि धानाची पोती. “मला माहीत आहे पहिलं नाव तुझं होतं,” ती म्हणाली. “त्या मॅडमनीच सांगितलं होतं, विमानतळावर. म्हणाल्या, ती आली असती तर तू गेली नसतीस. तुझ्या जागी गेली मी दामे. म्हणून दिले शंभर. बास?”

दामिनीनं आठ वर्षं जे लपवलं ते टीनाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एवढे स्टेटस टाकताना ठाऊक होतं. आता तर दामिनीचं मन दगडच झालं.

“काढ फॉर्म,” ती म्हणाली. “दुबईच्या मानानं भर.”

टीनानं मोबाईल काढला. सुरुवातीला ती चिडून भरत होती, मोठ्यानं वाचत होती, दामिनीला टोचावं म्हणून. टॉवेल, दहापैकी शून्य. साबण, दोन. गरम पाणी, तीन. खिडकीतून आवाज येतो, चार. हंगामी फळं ठेवली का? नाही. चहाची किटली? आहे, पण वायरला चिकटपट्टी. एक.

“लिव,” दामिनी म्हणायची. प्रत्येक आकड्याला ती मान हलवायची आणि तिला विचित्र बरं वाटत होतं. सगळ्या गोष्टी तिला आठ वर्षं माहीत होत्या, फक्त कोणी लिहिल्या नव्हत्या.

पुढं पुढं टीनाचा सूर बदलला. फरशीचे सांधे ती वाकून बघू लागली. नळाच्या मागं बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं, तिनं भुवई उचलली आणि लिहिलं. धूळ, दहापैकी दहा. कपाटाच्या वर हात घालून बघितला. तिथंही काही नाही.

शेवटी पलंग आला. पलंगाला पंधरा गुण.

न वापरलेल्या पलंगापाशी टीना गुडघ्यावर बसली. खालचा कोपरा पाहिला, दुमड उलटून पाहिली. डोळा चादरीच्या पातळीला आणून मधली घडी उशीपर्यंत नेली. मग तिनं तळहात फिरवला, आणि तो हात मध्येच थांबला. परत फिरवला. वाकून वास घेतला.

“हे काय लावलंय?”

दामिनी पडद्याची कड सरळ करू लागली.

“पेज हाय,” रुख्माबाई म्हणाल्या. “मले रात्री झोप लागली ते याच्यानंच लागली. माही माय करे अशी.”

“पेज मलाही कळते आई. पण अशी ताठ, आणि हाताला मऊ?” टीना अजून गुडघ्यावरच होती. “आमच्याकडं चादरी बाहेरच्या लाँड्रीतून येतात. मशीनच्या. बावीस खोल्यांत एक अशी नसते.” तिनं मोबाईलवर आकडा टाकला. “पंधरा. मी कोणाला पंधरा देत नाही. माझ्या स्वतःच्या पलंगाला मी तेरा देते.”

दामिनीनं तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग बेरीज पाहिली. शंभरापैकी एक्कावन्न.

“अजून विचार कर,” टीना म्हणाली. “खाली जाऊन त्या शंभरावर सही केली की झालं. हा मी पुसून टाकते.”

मनात काय नव्हतं आलं? खुर्ची आली, बिल्ला आला, लीलाधरचं तोंड आलं. दामिनीनं हॉटेलच्या नावात गोंदिया आहे ना ते पाहिलं, आणि पाठवायचं बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं.

टीनानं खाली शंभराच्या फॉर्मवर सही केली नाही. जाताना मिठी मारली नाही, नुसता हात धरला आणि सोडला. दुर्गेश साहेब दोन दिवस दामिनीशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. तिसऱ्या श्रेणीच्या हॉटेलासाठी पहिल्या श्रेणीचा फॉर्म ग्राह्य धरता येत नाही, तरी सदर गुण रद्द करण्यात येत आहेत. म्हणजे शंभरही गेले आणि एक्कावन्नही गेले. गोंदियाची खोली दुबईच्या फूटपट्टीनं मोजायचीच नाही, असं कंपनीनं लेखी कळवलं. गुण अठ्ठ्याऐंशीवर होते ते अठ्ठ्याऐंशीवरच राहिले, आणि पहिल्या तारखेला रायपूरहून स्वप्निल नावाचा टाय लावलेला माणूस मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर येऊन बसला. पहिल्याच दिवशी त्यानं दामिनीला विचारलं की चादरी कुठं ठेवतात.

दामिनी रडली. लाँड्रीत कनकीच्या पोत्यावर बसून चांगला अर्धा तास रडली, आणि कुसुमबाईंनी इस्त्री फिरवता फिरवता तिला रडू दिलं. घरी लीलाधरला म्हणाली, नाही मिळाली पोस्ट. तो म्हणाला, जाऊ दे. त्या ‘जाऊ दे’चाही तिला राग आला.

महिना गेला. एका दुपारी ती पेज गाळत होती, एवढ्यात मोबाईल वाजला. टीनाचा फोटो होता. दुबईच्या खोलीतला पलंग, मागं समुद्र, छतातून पाऊस पडणाऱ्या न्हाणीघराचं दार अर्धं उघडं. पण चादरीवर पांढरे डाग होते आणि कोपऱ्यात इस्त्री चिकटून पिवळा चट्टा पडला होता. खाली लिहिलं होतं, “तीन वेळा करून पाहिलं गं. चिकटतेच. तांदूळ कोणता घेतेस? अजून काय घालतेस? सांग ना.”

दामिनीनं फोटो बोटानं मोठा केला. चट्टा नीट पाहिला. समुद्राकडं पहिल्यांदाच तिचं लक्ष गेलं नाही.

“कोण हाय?” कुसुमबाईंनी विचारलं.

“टीना. पेज कशी करतेस विचारून राहिली.”

“मंग सांग न बापा. बिचारी एवढ्या दुरून विचारून राहिली.”

दामिनीनं मोबाईल पालथा ठेवला, घमेल्यात हात घातला आणि कुसुमबाईंची पाठ वळलेली पाहून चिमूटभर मीठ टाकलं.

“सांगीन न,” ती म्हणाली. “आठ वर्सं जाऊ दे, मंग सांगीन.”